पैलवानाचा कान आणि देहातील पेशी

तालमीच्या हौद्यात ज्याने चार-सहा वर्षे काढली आहेत अशा कोणाही पैलवानाकडे पाहावे. तांबड्या मातीत खरचटलेले त्याचे कोपर थोड्याच दिवसांत भरून येते आणि वर नवी कातडी धरते. जोर-बैठकांनी त्याची मांडी भरते. परंतु लढतीत चिरडलेला कान एकदा गाठाळला की तो जन्मभर तसाच. खासबागेत कुस्ती पाहावयास जाणारे आपण कोल्हापूरकर या कानांवरूनच पैलवान ओळखतो. पण एकाच देहाच्या तीन भागांच्या या तीन तऱ्हा का, असा प्रश्न मात्र आम्हांस क्वचितच पडतो.

त्याचे उत्तर पेशीच्या इतिहासात आहे. सुश्रुताने देहात पाचशे पेशी मोजल्या, त्या मांसाच्या. आज मराठीत ज्यास आपण पेशी म्हणतो ती सूक्ष्मदर्शकाखेरीज सहसा दिसत नाही, आणि एका देहात अशा सुमारे ३० लाख कोटी आहेत! इंग्लंडात रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले, तेथून ही कथा सुरू होते. १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचे प्रतिपादिले. १८५८ साली फिर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून सांगितले की प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते, आणि रोगही पेशींतच शोधावा. तेव्हा कोडे उभे राहिले ते असे : आईच्या उदरात आपण सर्वच एका पेशीचे होतो, मग तिच्या लेकींनी इतके निरनिराळे धंदे कसे पत्करले? मज्जापेशीचा एक तंतू कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जातो. रक्तातील तांबडी पेशी प्राणवायू वाहण्यासाठी आपले केंद्रकसुद्धा टाकून देते आणि १२० दिवसांत संपते. केंद्रक गेले म्हणजे स्वतःचा वंश वाढविण्याची सोयच गेली. मग नव्या तांबड्या पेशी येतात कोठून?

येथे एका मोठ्या भ्रमाची हकीकत सांगितली पाहिजे. खासबागेचे मैदान ज्या १९१२ साली बांधून पुरे झाले, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्सी कारेल याने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवावयास घेतला. तो जगला, वाढला, आणि १९४६ पर्यंत, म्हणजे कारेलच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, त्याच्या पेशी पात्रात नांदत होत्या. साऱ्या जगाने मानले की पेशी मुळात अमर असते, मरतो तो देह. कारेल नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? १९६१ साली हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखविले की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगून थांबतात. कारेलच्या पात्रात घातल्या जाणाऱ्या पोषक अर्काबरोबर ताज्या पेशी जात असाव्यात, असे आता बहुतेकांना वाटते. एका मोठ्या नावामुळे चुकीस किती आयुष्य लाभते ते पाहावे!

काचपात्रात पेशी वाढविण्याची ही विद्या आपल्याकडे आली ती एका मराठी स्त्रीच्या हातून. पुण्यास १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांचे मार्गदर्शन लाभले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच गाय यांच्या पात्रात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णी स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतील पेशी न थांबता वाढू लागल्या. त्या पेशी घेताना तिची परवानगी कोणी विचारली नव्हती, हेही येथे सांगून ठेवावयास हवे. परत आल्यावर रणदिवेबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम केले; भारतातील पहिली ऊतक-संवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनीच तेथे उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा वंशाशी व शरीरातील अंतःस्रावांशी संबंध काय, हे त्या उंदरांवर पाहत होत्या. कर्करोगाची पेशी म्हणजे आपला धंदा सोडून नुसता वंश वाढवीत सुटलेली पेशी. वाट चुकलेल्याचा माग काढताना सरळ वाटही उमगते, तसे या संशोधनाने निरोगी पेशीविषयीही पुष्कळ शिकविले.

तांबड्या पेशींचे कोडेही त्याच १९६१ साली सुटू लागले. कॅनडात टिल व मॅककलॉक यांनी, किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी अस्थिमज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या प्लीहेत रक्तपेशींच्या गाठी उगवल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती होती, हे पुढे सिद्ध झाले. या मूलपेशी. त्या स्वतः कोणताच धंदा करीत नाहीत. बेण्यासाठी राखलेल्या उसाप्रमाणे त्या मागे ठेवलेल्या असतात. कातडीच्या तळाशी अशाच पेशी असतात, म्हणून कोपर भरते. स्नायूच्या तंतूला चिकटून बसलेल्या पेशी मॉरो याने, योगायोगाने तेही १९६१ मध्येच, पाहिल्या. व्यायामाने मुख्यतः असलेलेच तंतू जाड होतात; तंतू दुखावला म्हणजे या राखीव पेशी धावतात. कानाच्या कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नाहीत. तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. दोहोंच्या मध्ये रक्त साचले की कूर्चेची उपासमार होते आणि तिच्या जागी टणक, वेडावाकडा गोळा बनतो.

दर सात वर्षांनी सारा देह नवा होतो, असे आपण ऐकतो. ते खरे नव्हे. १९५५ ते १९६३ या काळातील अणुस्फोटांनी हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो सर्वांच्याच पेशींत उतरला. त्याची मोजणी करून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००५ पासून पेशींची वये काढली. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते. हृदयाच्या पेशी पंचविशीत वर्षाला शेकडा एक, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. आणि मेंदूच्या बाहेरील थरातील मज्जापेशी तर ज्याच्या त्याच्या जन्माइतक्या जुन्या.

धंदा पत्करलेल्या पेशीचे मूळ भांडवल हरवत नाही, हेही आता ठरले आहे. १९६२ साली गर्डनने बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून नवे पिलू वाढविले. २००६ मध्ये यामानाका यांनी उंदराच्या कातडीच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलावस्थेत नेले. दोघांना २०१२ चे नोबेल मिळाले. कूर्चेपुरते बोलावयाचे तर १९९४ साली स्वीडनमध्ये रुग्णाच्याच गुडघ्यातील कूर्चापेशी बाहेर वाढवून परत बसविल्याचे प्रसिद्ध झाले. गुडघ्यासाठी ही सोय कोणताही पैलवान आनंदाने स्वीकारील. कानासाठी कोणी देऊ केली तर मात्र आमच्या गावचा पैलवान ती घेईल, असे आम्हांस वाटत नाही.