शब्दवेध : आगबोट

संस्कृत ‘अग्नि’पासून प्राकृत ‘अग्गि’मार्गे आलेली ‘आग’ आणि इंग्रजीतून उचललेली ‘बोट’ यांच्या जोडणीतून ‘आगबोट’ हा शब्द घडला. हाताचे बोट नपुंसकलिंगी, तर पाण्यावरची बोट स्त्रीलिंगी, त्यामुळे घोटाळा टळतो. ‘स्टीमर’ हे इंग्रजी नाव यंत्र चालवणाऱ्या वाफेवरून पडले, मराठीने वाफेच्या मागची भट्टीतली आग पकडली, आणि हे अधिक मूलगामी म्हटले पाहिजे. अटलांटिकवर कुनार्ड आणि व्हाइट स्टार या आगबोट कंपन्या वेग व ऐषआरामासाठी झुंजल्या. कोकण किनाऱ्यावरची चढाओढ मात्र स्वदेशीची होती. विलायती कंपन्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सहकारी कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या बोटींना संतांची नावे असत. ‘रामदास’ ही अशीच संतनामधारी बोट 17 जुलै 1947 रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने मुंबईला ही वार्ता काही तासांनी कळली; तोवर रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचवले होते.