रिसाला, पलटण आणि फ्रान्समधली एक भिंत

माझा भाचा कॅनडात स्थायिक झाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह फ्रान्सला फिरायला गेला. कॅनडातून आलेले प्रवासी उत्तर फ्रान्समधलं विमीचं युद्धस्मारक सहसा चुकवत नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारल्या गेलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ११,२८५ कॅनेडियन सैनिकांची नावं तिथं दगडात कोरली आहेत. त्याचे फोटो आले तेव्हा मी लिहिलं, "बेटा, तिथून जवळच न्यूव शापेल आहे. तिकडंही जाऊन ये."

संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, इथं तर सगळी आपल्याकडची नावं आहेत. खान, सिंग, राम, थापा!"

मार्च १९१५ मध्ये न्यूव शापेलला मोठी लढाई झाली, त्यात हिंदी फौज आघाडीवर होती. १९२७ साली तिथं स्मारक उभं राहिलं. फ्रान्स-बेल्जियममध्ये मरण पावलेल्या, पण कबर नसलेल्या सुमारे ४,७०० हिंदी सैनिकांची नावं त्या गोलाकार भिंतीवर आहेत. मधल्या स्तंभावर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत एकच आशय कोरला आहे: ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच.

भाच्यानं विचारलं, "मामू, आपल्या हिंगोलीचा याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे. हिंगोलीत रिसाला बाजार आहे, पलटण आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. रोज रिक्षावाल्याला आपण ही नावं सांगतो. मी वर्गात विचारलं, रिसाला म्हणजे काय? उर्दू शिकणारी मुलं म्हणाली, "सर, मासिक!" तेही बरोबरच आहे. पण इथं रिसाला म्हणजे घोडदळ. पलटण म्हणजे पायदळ. आणि नोकरी संपलेले शिपाई राहायचे तो पेन्शनपुरा.

ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. फौज निजामाच्या नावाची, पगार निजामाच्या खजिन्यातून, अधिकारी मात्र इंग्रज. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. म्हणजे आपल्या शेजारच्या वाशिम-अकोल्याचा इतिहास या फौजेच्या बिलानं बदलला! १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली.

तिच्या घोडदळातून पुढं आलेली एक रेजिमेंट म्हणजे डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ या घोडेस्वारांनी भाले रोखून हल्ला चढवला. समोर मशीनगन होत्या. घोड्यांचा जमाना संपला होता, हुकूम मात्र घोड्यावरून धावण्याचा होता. आज हीच रेजिमेंट भारतीय लष्करात रणगाडे चालवते. १९६५ च्या युद्धात ती असल उत्तरला लढली. हा धागा फौजेचा आहे, घराण्यांचा नाही. पण आपल्या गल्लीचं नाव त्या धाग्याच्या एका टोकाला बांधलेलं आहे.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "सर, ते इंग्रजांसाठी लढले. पोटासाठी गेले. त्यांचं काय कौतुक?"

प्रश्न खोटा नाही. ते आपल्या देशासाठी लढले नाहीत, कारण तेव्हा देश आपल्या हातात नव्हता. पण पोटासाठी परमुलखात जाऊन मरणाऱ्या माणसाला विसरायचं, हा कुठला न्याय? मराठवाड्यातून आजही माणसं ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला जातात, आखातात जातात. पोटासाठी जाणं म्हणजे काय, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

कौतुक करू नका, पण नोंद तरी ठेवा. परक्यांनी आपल्या माणसांची नावं दगडावर कोरली. आपल्याकडे गल्ल्यांची नावं उरली आहेत, अर्थ पुसत चालला आहे.

येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की मी मुलांना पेन्शनपुऱ्यात घेऊन जाणार आहे. वह्या सोबत असतील. काम एकच: घराघरांतल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, तुमचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते?