कुंभकोणम्‌हून विमानतळ : रेल्वेच्या तिकिटांविषयी माहिती

कावेरीच्या काठावर वसलेल्या कुंभकोणम् या तामिळनाडूतील मंदिरनगरीत विमानतळ नाही आणि तेथून थेट विमानतळावर नेणारी रेल्वेसेवाही नाही. विमान गाठण्यासाठी येथील प्रवाशाला एकतर चेन्नईला जावे लागते किंवा सुमारे नव्वद किलोमीटरवरील तिरुचिरापल्लीला. चेन्नईचा पर्याय निवडल्यास दोन स्वतंत्र तिकिटे घ्यावी लागतात. त्यांपैकी पहिले दोन महिने आधी मिळू शकते, तर दुसरे प्रवासाच्या दिवशीच घ्यायचे असते. या दोन्ही तिकिटांचा विमानाच्या तिकिटाशी कोणताही संबंध नसतो, ही बाब प्रवाशांनी प्रारंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे.

मराठी भाषकांना कुंभकोणम् परके नाही. हे शहर तंजावरच्या मराठा राज्यात होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला. दर बारा वर्षांनी येथे महामहम् उत्सव भरतो. मागील उत्सव फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला असून पुढील उत्सव २०२८ मध्ये होणार आहे.

चेन्नई विमानतळ

कुंभकोणम् स्थानक मयिलाडुदुरै व विळुप्पुरम या मार्गाने चेन्नईशी जोडलेले आहे. रात्री धावणारी उळवन एक्स्प्रेस आणि दिवसा धावणारी चोळन एक्स्प्रेस या मार्गावरील प्रमुख गाड्या होत. विमानतळावर जाणाऱ्यांनी चेन्नई एग्मोरऐवजी त्याआधी येणाऱ्या तांबरम स्थानकाचे तिकीट घेणे सोयीचे ठरते. तांबरमहून उपनगरी गाडीने सॅनेटोरियम, क्रोमपेट आणि पल्लावरम ही स्थानके ओलांडल्यावर तिरुसूलम स्थानक येते. विमानतळ तेथून जीएसटी रस्त्याच्या पलीकडे आहे.

एग्मोरपर्यंत गेल्यास मेट्रोचा पर्याय आहे. चेन्नई मेट्रोचे विमानतळ स्थानक सप्टेंबर २०१६ मध्ये, तर एग्मोर स्थानक मे २०१८ मध्ये सुरू झाले. एग्मोर हरित मार्गिकेवर असल्याने आलंदूर येथे गाडी बदलून नील मार्गिकेने विमानतळ गाठता येतो. मेट्रोचे तिकीट खिडकीवर तसेच भ्रमणध्वनीवर मिळते. मेट्रो रात्रभर धावत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. एग्मोर स्थानकाच्या पुनर्विकासामुळे २०२५ मध्ये काही गाड्या तांबरमपर्यंतच चालविण्यात आल्या होत्या. त्यामुळे आपल्या गाडीचे अखेरचे स्थानक निघण्यापूर्वी तपासून घ्यावे.

पहिले तिकीट : आरक्षण

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. विमानाचे तिकीट मात्र अनेक महिने आधी काढलेले असते. अशा प्रवाशांनी साठाव्या दिवसाची नोंद ठेवून त्याच दिवशी आरक्षण करावे. सणासुदीच्या आणि उत्सवाच्या काळात हे विशेष महत्त्वाचे ठरते.

तत्काळ योजनेतील आरक्षण गाडी सुटण्याच्या स्थानकावरील तारखेच्या आदल्या दिवशी खुले होते. वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, तर इतर वर्गांसाठी ११ वाजता ही वेळ आहे. जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आवश्यक करण्यात आली. निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने स्वतःहून रद्द केल्यास परतावा मिळत नाही. ई-तिकिटावरील सर्व नावे प्रतीक्षा यादीत राहिल्यास तक्ता तयार झाल्यावर ते आपोआप रद्द होते. पैसे परत मिळतात, परंतु प्रवास करता येत नाही.

दुसरे तिकीट : उपनगरी गाडी

तांबरम ते तिरुसूलम हे तिकीट खिडकीवर किंवा स्वयंचलित यंत्रावर मिळते. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या रेलवन अ‍ॅपवरही अनारक्षित तिकिटे उपलब्ध आहेत. मात्र कागदविरहित तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभे राहून काढता येत नाही. फलाटावर उतरलेल्या प्रवाशाने त्यासाठी स्थानकात लावलेल्या क्यूआर कोडचा उपयोग करावा अथवा खिडकीकडे जावे. सामान असलेल्यांनी यासाठी वेळ राखून ठेवावा.

तिरुचिरापल्ली विमानतळ

सिंगापूर, क्वालालंपूर आणि कोलंबो येथे जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळचे पडते. तेथील नव्या टर्मिनलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. कुंभकोणम्‌हून तंजावरमार्गे जाणाऱ्या गाड्यांत अनारक्षित तिकिटावर प्रवास करता येतो. अंतर २०० किलोमीटरहून कमी असल्याने हे तिकीट प्रवासाच्या दिवशीच मिळते. ते घेतल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. स्थानकापासून विमानतळापर्यंत बस किंवा रिक्षाने जावे लागते.

गाडीला विलंब झाल्यास

आरक्षित प्रवाशाच्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि त्याने प्रवास केला नाही, तर नियमानुसार अर्ज केल्यावर रेल्वे पूर्ण भाडे परत करते. परंतु चुकलेल्या विमानाची भरपाई रेल्वे देत नाही आणि विमान कंपनीही गाडीचा उशीर ग्राह्य धरत नाही. परदेशी नोकरीवर रुजू होणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हे नुकसान रेल्वेभाड्याच्या कितीतरी पट असू शकते.

दिल्लीत २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झालेली विमानतळ एक्स्प्रेस मेट्रो खास याच कामासाठी उभारण्यात आली. तेथील प्रवाशाला एकाच तिकिटावर नवी दिल्ली स्थानकातून थेट टर्मिनल ३ गाठता येते. कुंभकोणम्‌च्या प्रवाशाला हा भरवसा स्वतःच्या नियोजनातून मिळवावा लागतो. बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणांची नोंदणी खिडकी सुमारे तासभर आधी बंद होते आणि प्रवाशांनी तीन तास आधी पोहोचावे, अशी अपेक्षा असते. म्हणून पहाटेच्या वा सकाळच्या उड्डाणासाठी आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबून न राहता आदल्या दिवशीच्या दिवसाच्या गाडीने निघणे अधिक सुरक्षित ठरते.