घडविलेली परिभाषा आणि शब्दाची लांबी : राज्यव्यवहारकोशापासून जाफराबादच्या कचेरीपर्यंत

प्रस्तावना :
भाषा घडविणाऱ्यापुढे शब्द किती लांब ठेवावा, हा मूलभूत प्रश्न असतो. श्लायर यांच्या वोलापुकमध्ये (१८७९) 'वर्ल्ड'चे 'वोल' आणि 'स्पीक'चे 'पुक' झाले. शब्द आखूड झाले, पण ओळखू येईनासे झाले. झामेनहॉफ यांच्या एस्पेरांतोत (१८८७) थोडे धातू व अनेक प्रत्यय असल्याने शब्द लांबला, तरी त्याची घडण उलगडते. मराठी राज्यपरिभाषेलाही हाच पेच सोडवावा लागला.

विवेचन :
१६७४ च्या राज्याभिषेकावेळी फारसी पदनामांऐवजी संस्कृत पदनामे आली. जोडाक्षर एक धरून मोजल्यास मुजुमदार (५) अमात्य (३) झाला, वाकनीस (४) मंत्री (२), सुरनीस (४) सचिव (३), तर सरनोबत (५) सेनापती (४). डबीर व सुमंत समान राहिले. 'पेशवा' (३) याचा पर्याय 'मुख्य प्रधान' (५) मात्र लांब होता. पुढे रूढ राहिला तो पेशवाच.

१९६० नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा घडविली; १९६२ मध्ये पदनाम कोश आला. 'जिल्हाधिकारी' (५) हा शब्द 'कलेक्टर'च्या (४) तुलनेत लांब वाटला. परंतु जाफराबाद १९४८ पर्यंत उर्दू राजभाषेच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील 'अव्वल तालुकदार' (८) या पदनामापुढे तोच शब्द आखूड ठरतो. 'तहसीलदार' (६) मात्र लांब असूनही टिकला, कारण तो परिचित होता. 'गटविकास अधिकारी' (९) लोकव्यवहारात 'बीडीओ' (३) झाला, आणि गाव नमुना सात व बारा यांचा 'सातबारा' लोकांनीच केला.

वाक्याच्या बाबतीत मात्र लोकांना अशी काटछाट करता येत नाही. 'कार्यवाही करण्यात यावी' या रचनेत वाक्य लांबते आणि कर्ता लोपतो. कार्यवाही कोणी करावयाची, हे अर्जदार शेतकऱ्यास कळत नाही.

निष्कर्ष :
घडविलेला शब्द केवळ आखूडपणामुळे रुजत नाही. परिचय, घडणीची स्पष्टता आणि उच्चाराची सोय यांचा मेळ आवश्यक असतो. लांब शब्द समाज स्वतः कापून घेतो. लांब वाक्य आखूड करण्याची जबाबदारी मात्र ते लिहिणाऱ्या कचेरीचीच आहे.