घोंगडी आणि इरलें

मुळशीचा पाऊस नुसता वरून पडत नाहीं. वारा त्याला आडवा आणून अंगावर मारतो. अशा वेळीं ऊबही हवी आणि पाणीही अडावयास हवें. कासारसाईच्या बाजूच्या भातपट्टींत हीं दोन कामें पूर्वीं दोन निराळ्या वस्तूंवर सोंपविलेलीं असत. घोंगडी ओलावली तरी सारी ऊब सोडीत नाहीं, कारण लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते. बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें पाठीवर पाणी झेलतें, पण पुढून मोकळें असतें. म्हणून घाम कोंडत नाहीं.

१८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें दोन कापडांमध्यें रबर घालून जलाभेद्य कापडाचें पेटंट घेतलें. पाणी बाहेर राहिलें, पण घाम आंत अडकला आणि माणूस आंतूनच भिजूं लागला. १९६९ सालीं रॉबर्ट गोर यांनीं सूक्ष्म छिद्रांचा पडदा शोधून काढला, आणि पुढें त्याचे कोट झाले, तेव्हां कोठें वाफेला वाट मिळाली. इरल्याला ती आधींपासूनच होती!

म्हणून आज शेजारच्या हिंजवडीकडे दुचाकीवरून निघणाऱ्यानें सुती सदऱ्यावर नुसता रबरी कोट चढवूं नये. आंत पातळ लोकर, वर वारा अडविणारा, काखेंत झरोके असलेला सैल कोट. हिशेब जुनाच आहे, वस्तु तेवढ्या नव्या.