खटल्यानंतरच्या रखमाबाई : सुरत, राजकोट आणि आपला मुलूख

रखमाबाई म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना खटला आठवतो. २०१६ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला, पुढच्याच वर्षी जयंतीला गूगलने त्यांचं चित्र लावलं, तेव्हा पुन्हा सगळीकडे खटलाच आला. पण खटला चालला चार वर्षं. त्यानंतर या बाईंनी डॉक्टर म्हणून सुमारे पस्तीस वर्षं काम केलं, त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं पहिल्या महायुद्धानंतरची. या लेखात त्या पस्तीस वर्षांकडे बघायचं आहे. मोठ्या शहरांपासून दूर एकटी लेडी डॉक्टर राहिली तर तिला काय काय सोसावं लागत होतं, ते तिथेच नीट दिसतं.

खटला थोडक्यात सांगतो. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला, सुतार समाजातला. वडील लवकर गेले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, त्यामुळे आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सावत्र वडील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मागत कोर्टात दावा लावला. १८८५ ला न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवलं, तुरुंग पत्करला. ‘केसरी’सकट सनातनी पत्रं त्यांच्यावर तुटून पडली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केलं असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, म्हणजे प्रकरण तडजोडीने मिटलं. लग्न मात्र मोडलं नाही. रखमाबाई कायद्याने शेवटपर्यंत दादाजींच्या पत्नीच राहिल्या. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या आणि बायकांसाठी काढलेल्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९४ ला शेवटची परीक्षा स्कॉटलंडमध्ये दिली, १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. त्यांना ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ म्हणण्याची चढाओढ असते, पण ती खरी नाही. आनंदीबाई जोशी १८८६ लाच पदवीधर झाल्या होत्या, फक्त परत येऊन काही महिन्यांतच वारल्या. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली तेव्हापासूनच प्रॅक्टिस करत होत्या. पहिलेपणाचा मान बाजूला ठेवला तरी रखमाबाईंचं मोठेपण कमी होत नाही.

त्या काळी बायकांच्या दवाखान्याची अडचण अशी, की दवाखाना बांधला जायचा आणि खाटा रिकाम्या राहायच्या. दवाखान्यात जायचं ते मरायला, ही समजूत पक्की होती. शिवाय तिथे कोण कुठल्या जातीचा शेजारी, पाणी कुणाच्या हातचं, हेही प्रश्न. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत, सुइणीच्या हातून. रखमाबाईंबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. बाया येईनात, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली आणि तिची सुखरूप सुटका करून दाखवली. शेळी वाचते, मग बाई का नाही वाचणार! ही गोष्ट टिकली यातच त्या दिवसांची परिस्थिती कळते. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरणीला आपल्या विद्येचा दाखला शेळीकडून घ्यावा लागत होता.

रखमाबाईंच्या बाबतीत आणखी एक ओझं होतं. नवऱ्याला कोर्टात नाकारलेली बाई म्हणून त्यांचं नाव देशभर गाजलेलं. अशा बाईच्या हाती आपली लेक-सून द्यायची? १९०४ ला दादाजी वारले, आणि रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्याच्याबरोबर एक दिवस संसार केला नाही, ज्याच्यापायी तुरुंगाची तयारी ठेवली, त्याच्या नावाने पांढरं नेसायचं! आजच्या वाचकाला हे खटकतं. पण वर म्हटलं तसं लग्न मोडलेलंच नव्हतं, त्यामुळे लोकांच्या नजरेत त्या विधवाच होत्या. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. मला वाटतं, हक्क म्हणून जे मागायचं ते त्यांनी कोर्टात मागून घेतलं होतं. पेशंटच्या उंबऱ्याआत पाऊल ठेवायला मात्र लोकांना ओळखीचा वाटेल असाच पेहराव लागत होता.

पूर्वग्रह फक्त गावकऱ्यांचा होता असं नाही. सरकारदरबारीही तो होताच. लेडी डफरिन फंड १८८५ चा, बायकांना बायकांकडून उपचार मिळावेत म्हणून काढलेला. त्यातून १९१४ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस निघाली, पण तिच्या वरच्या जागांवर बहुतेक युरोपीय बायका. देशी डॉक्टरणींनी हाताखाली राबायचं, हा रिवाज. बंगालात हैमवती सेन यांना तर शिकतानाच अनुभव आला. परीक्षेत पहिल्या आल्या, पण मुलग्यांनी दंगा केला म्हणून सोन्याचं पदक त्यांच्याकडून गेलं आणि रुप्याचं हाती आलं. पुढे चुंचुड्याच्या डफरिन हॉस्पिटलात वर पुरुष अधिकारी, खाली या.

१९१८ मध्ये रखमाबाईंना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये जागा देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली आणि राजकोट संस्थानच्या बायकांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून गेल्या. वय त्रेपन्न. इंग्रजांच्या सर्व्हिसचा दर्जा सोडून काठेवाडातलं संस्थान! तिथे त्यांनी रेड क्रॉसचं काम उभं केलं आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. १९२९ मध्ये पडदा बंद झाला पाहिजे असं सांगणारा लेख त्यांनी लिहिला. पस्तीस वर्षं पडद्याच्या आत शिरून नाड्या पाहिलेल्या बाईचं ते मत होतं, म्हणून त्याला वजन आहे. २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

आता आपल्याकडे वळू. (महाराष्ट्रातली बालाघाटची डोंगररांग वेगळी, आपला जिल्हा वेगळा, हे पाहुण्या वाचकांसाठी.) १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून हा जिल्हा झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात राजधानी नागपूर. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी लाइन नुकतीच कुठे रुळली होती. रखमाबाई राजकोटला गेल्या त्याच १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. देशात सर्वांत जास्त झोडपलेल्या प्रांतांत आपला मध्यप्रांत होता.

इथला अडसर मात्र राजकोटसारखा नव्हता. बैहरकडच्या गोंड-बैगा बायांना पडदा ठाऊक नव्हता. शेतात, जंगलात त्या पुरुषांच्या बरोबरीने राबत. वारासिवनी-लांजीकडच्या मालगुजार घरांत डोईवरचा पदर सुटत नसे. एकीकडे लाज आडवी येई, दुसरीकडे अंतर, पैसा आणि परक्याची भीती. दोन्हीकडे बाळंतिणीच्या उशाशी दाईच असायची. तिला अडाणी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण रात्री बोलावल्यावर पायी येणारी तीच होती. डॉक्टरणीला भरवसा मिळवायचा तर तो या दाईच्या बरोबरीनेच मिळवावा लागत असे.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या घरी आजी, पणजी, म्हातारी आत्या असेल तर तिला विचारा : तुमच्या वेळी बाळंतपणाला कोण यायचं? गावात पहिली नर्सबाई, पहिली डॉक्टरीणबाई आली तेव्हा लोक काय बोलले? तिला कुणी घर भाड्याने दिलं? नाव आठवत नसेल तर निदान गाव आणि साल लिहून घ्या. रखमाबाईंचं नाव खटल्यामुळे कागदोपत्री राहिलं. बाकीच्यांच्या नशिबी खटला नव्हता, त्यांची नावं फक्त आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि तिथेही फार दिवस राहणार नाहीत.