कणगी कुणाची, टोपलं कुणाचं?

साथ आली की शहाणी माणसं सांगतात, घरात महिन्याचा किराणा भरून ठेवा. मार्च 2020 मध्ये हेच ऐकलं. 24 तारखेला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला देश बंद. मित्रांनो, किराणा भरायला आधी काय लागतं? हातात रोकड, घरात डबे, डब्यांना कोरडी जागा. ही तिन्ही कुणाकडे होती आणि का होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

आपला नगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) ज्वारी-बाजरीचा. गावात पाटलाच्या वाड्यात कणगी, पेव. महारवाड्यात टोपलं. वतनाच्या कामाचा मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं आणि येसकरानं दारोदार फिरून आणलेली भाकर. भाकर साठत नाही. दुसऱ्या दिवशी शिळी, तिसऱ्या दिवशी बुरशी. रोज दारात उभं राहावंच लागावं, अशीच ही मजुरी होती. आपल्याच अकोले तालुक्यातल्या दया पवारांनी 1978 साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिलं, ते उगाच नाही.

तरी आपल्या आयाबायांनी साठवण केलीच. भाकरीचे कुटके उन्हात वाळवले. मेलेल्या जनावराच्या मासाच्या चान्या करून मडक्यात ठेवल्या. आपला किराणा तो एवढाच.

1918 साली इन्फ्लुएंझा आला आणि त्याच साली पावसानंही दगा दिला. नगर जिल्ह्यात दुष्काळ पडला. पीक नाही तर खळं नाही, खळं नाही तर बलुतं नाही. उपाशी अंगावर ताप चढला. मुंबईला पोट भरायला गेलेल्यांचं तरी काय झालं? त्या शहरात या तापानं दर हजारी युरोपियन 8.3 मेले, सवर्ण हिंदू 18.9, आणि सरकारी नोंदीत ज्यांना 'हलक्या जातीचे हिंदू' म्हटलं ते 61.6. जंतूला जात कळत नाही म्हणतात. उपासाला कळते ना! 1921 च्या शिरगणतीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली.

बाबासाहेबांनी हे मुळातून ओळखलं होतं. 1927 साली महाडला मेल्या ढोराचं मास सोडा म्हणून हाक दिली. 19 मार्च 1928 ला मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. त्यात बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करायची मागणी होती. रोकड म्हणजे काय? उद्याचं धान्य आज विकत घेऊन ठेवायची मोकळीक. ते बिल तेव्हा पास झालं नाही. वतनं कायद्यानं गेली ती 1958 च्या कायद्यानं.

वतन गेलं, पण कणगी आली का? 2020 ला पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळावर अडकले. कोपीत पीठ किती असणार? गावी जायची परवानगी मिळाली ती एप्रिल निम्मा गेल्यावर. माझ्या वस्तीत दुकानदारानं उधारीची वही मिटली. रोज तेलाची पुडी, चहाची पुडी नेणारी माणसं महिन्याचं सामान कुठून भरणार? पुडी पुडीनं घेतलेला माल महागच पडतो. गरिबाला साठवता येत नाही, याचा दंडही गरीबच भरतो.

तेव्हा रेशननं तारलं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंत्योदय कार्डाला महिना 35 किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो. एप्रिल ते नोव्हेंबर 2020 आणि पुन्हा मे 2021 ते डिसेंबर 2022 माणशी आणखी 5 किलो फुकट मिळालं. हे काही कुणाच्या दारची शिळी भाकर नव्हे, कायद्यानं दिलेला हक्क आहे. पण ज्याचं नाव कार्डावर नाही, त्याच्या हातात पुन्हा टोपलंच.

म्हणून दोस्तांनो, जयंतीच्या वर्गणीला फिराल तेव्हा घरोघर कार्डही बघा. कुणाचं नाव सुटलंय, कुणाचं धान्य वजनात मारलं जातंय, ते लिहून घ्या. प्रत्येक रेशन दुकानावर दक्षता समिती असावी, असं त्याच कायद्यात म्हटलंय. ती आपल्या गावात आहे का, तिच्यात आपलं माणूस आहे का, ते विचारा. नसेल तर तहसीलवर चला. साथ परत येईल तेव्हा विचारायला वेळ नसेल.